बाकी नेहमीप्रमाणे

तपासायला पाठवलेली माझ्या प्रोग्रॅमची फ्लॉपी परत आली तेव्हा सोबत दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेची एका ओळीची चिठ्ठी होती: 'आमच्याकडे तुमचं हृदय तिसऱ्या ठोक्याला बंद पडतं.'

हृदयाच्या पेशींतून वीज कशी पसरते याचं गणित करणारा प्रोग्रॅम मी हेंद्रेपाड्यातल्या घरी, उल्हासनगरहून जुळवून आणलेल्या कॉम्प्युटरवर लिहिला होता. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. माझ्याकडे ते हृदय तासन्‌तास छान धडधडायचं. पीएचडीचा सगळा प्रबंध त्यावरच उभा होता. माझ्या मार्गदर्शक सरांनी स्पष्ट सांगितलं, "तिकडे चाललं नाही तर प्रबंध पुढे जाणार नाही. लोक म्हणतील, आकडे मनाने घातलेत."

मलाही माझाच संशय यायला लागला. खरंच घातले असतील तर? अन्न गोड लागेना. दार वाजलं तरी दचकायचे. आईवर उगाच खेकसायचे.

बाबा अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात शिफ्ट इनचार्ज. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. रविवारी सकाळी मला म्हणाले, "ऊठ तिथून. फ्लॉपीबरोबर त्यांना पाठवलेला सूचनांचा कागद दे, मी चालवतो."

एका बोटाने ते कागदावरचं एकेक टाइप करत गेले. पडद्यावर प्रश्न आला: वेळेचा टप्पा किती? बाबांनी कागद दोनदा पाहिला आणि नुसतं एंटर दाबलं. तिसऱ्या ठोक्यानंतर पडद्यावरची हृदयाची रेघ आडवी झाली.

"अहो बाबा, तिथे पॉइंट झीरो वन टाकायचं!" मी ओरडले. रोज तेच टाकायचे, बोटं आपोआप जायची. नुसतं एंटर दाबलं की प्रोग्रॅम फार मोठा टप्पा धरायचा आणि गणित कोसळायचं.

बाबांनी कागद माझ्यापुढे धरला. माझंच अक्षर होतं: 'बाकी नेहमीप्रमाणे.'

"नेहमीप्रमाणे म्हणजे कोणाच्या नेहमीप्रमाणे?" ते म्हणाले.

दुपारी एकेक बटण लिहून नवा कागद केला आणि आईला कॉम्प्युटरसमोर बसवलं. बघायची हिंमत नव्हती, म्हणून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. बाहेर आई मोठ्याने ठोके मोजत होती. "तीन," म्हणाली आणि थांबली.

"चार," आई म्हणाली. "अगं, ये ना बाहेर. चाललंय."