हरणीची पाठ आणि मलप्पामामा

मलप्पामामा आज सकाळी गेले.

सोलापुरातल्या निम्म्या टांग्यांच्या घोड्यांच्या पाठी ज्यानं ठीक केल्या, तो माणूस शेवटची आठ वर्षं नुसती कूस बदलायला दुसऱ्याची वाट बघत पडून होता. देवाला काही लाज?

फिजिओथेरपी हा शब्द आम्ही कुणी ऐकलेला नव्हता तेव्हाचं सांगते. बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मामा मूळचे तालमीत पैलवानांना मालिश करणारे, तिथून घोड्यांकडे वळले. नात्यानं माझे कुणी नव्हेत. भवानी पेठेत आमच्या गल्लीत राहायचे म्हणून मामा. घरात कानडी, आमच्याशी मराठी; पोरींना हाक मात्र कानडीतली, 'यव्वा'.

माझे अप्पा टांगेवाले. स्टेशन ते नवी पेठ. आमच्या घोडीचं नाव हरणी.

ती मागच्या उजव्या पायानं लंगडायला लागली.

अप्पांनी नाल बदलला. परत बदलला. तिसऱ्यांदा बदलला आणि वर नालबंदाला शिव्या घातल्या. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

शेवटी मामांना बोलावलं. त्यांनी पायाला हातच लावला नाही. डोळे मिटून मानेपासून शेपटीपर्यंत तळहात फिरवला. कमरेच्या एका जागी हरणीची कातडी थरथरली. तिथं हात तसाच ठेवून अप्पांना म्हणाले, "तू बस रं टांग्याच्या फळीवर."

"मी? लंगडती घोडी हाय की!"

"बस म्हनतो न्हवं."

अप्पा बसले. मामांनी त्यांच्या बुडाखाली दोन्ही हात सरकवले.

"आता डोळे मीट अन् सांग, वजन कुटं पडतंय?"

"दोनीकडं सारकं."

"सारकं न्हाय. सगळा उजवीकडं कललायस. मिलमधी कंबर दुखावली तवापास्नं असाच बसतोस. तुझं वजन एका दांडीवर, दांडी हिच्या पाठीवर. पायात काय बी न्हाय तिच्या."

अप्पा भडकले. "मी सरळच बसतो!"

"तुला सरळ वाटतंय. सवय झालीया."

एकवीस दिवस टांगा बंद. हरणीला गरम कोंड्याचा शेक, करडईचं तेल, सकाळ-संध्याकाळ मोकळं चालवणं. लंगडणं थांबलं.

अप्पांनाही मामांनी तेवढंच चोळलं. त्यांची कंबर काही सुधारली नाही. फार जुनं दुखणं झालं होतं.

मामा स्पष्ट म्हणाले, "तू हाकलास तर ही परत लंगडनार. अन् मग माज्याच्यानं बी हुनार न्हाय."

दुसरा गडी ठेवायची ऐपत नव्हती. मग मामांनी मला फळीवर बसवलं. मी पंधरा वर्षांची, नववीत.

"ही मधोमध बसती बघ. हिला हाकू दे."

मैदानात रिकामा टांगा घेऊन त्यांनी मला महिनाभर शिकवलं. "यव्वा, लगामाकडं नको बघू. खाली काय लागतंय ते बघ. आता तिचा कंचा पाय पडला?"

आधी काहीच कळायचं नाही. मग एक दिवस कळायला लागलं. डावा. उजवा. बसल्या जागी, डोळे मिटून. तसलं सुख मला पुन्हा कशात मिळालं नाही, लग्नातसुद्धा नाही. (नवरा हे वाचणार आहे. वाचू दे.)

पोरीनं टांगा हाकायचा म्हणजे अप्पा नाहीच म्हणणार, असं अख्ख्या गल्लीला वाटत होतं.

अप्पा म्हणाले, "उद्यापास्नं तूच हाक. शाळेच्या आदी दोन फेऱ्या, सांजच्याला दोन. मी संगं येतो."

आणि मी नाही म्हणाले.

मी.

माझ्या वर्गातल्या मुली नवी पेठेतून शाळेला जायच्या. टांगेवाली म्हणून चिडवतील, एवढंच कारण. बाकी काही नाही.

मामा म्हणाले, "यव्वा, इचार कर." मी भोकाड पसरलं, जेवले नाही. विषय संपला.

अप्पा परत बसायला लागले. पोट होतं ना.

चार महिन्यांत हरणी खाली बसली ती उठलीच नाही.

अकरा दिवस पडून होती. मामा रोज यायचे. चार माणसं लावून तिची कूस बदलायचे, मग तासभर चोळत बसायचे. ही आता उठायची नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"मग चोळताय कशाला?" मी विचारलं.

"दुकतंय न्हवं तिला."

बाराव्या दिवशी ती गेली. अप्पांनी टांगा मोडीत काढला आणि एका गोदामावर रखवालदारी धरली. शेवटपर्यंत मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं हो. पुढं टांगेच गेले, रिक्षा आल्या. मामांना बोलवायलाही कुणी येईना.

गेल्या आठवड्यात मी जुळे सोलापूरच्या माझ्या घरून मामांना बघायला गेले होते. त्यांची सून बाहेर चहा टाकत होती. जवळजवळ पन्नास वर्षं मनात धरलेलं विचारून टाकलं.

"मामा, मी टांगा हाकला असता तर हरणी जगली असती का हो?"

मला 'नाही' ऐकायचं होतं. जाऊ दे गं, वय झालं होतं तिचं, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. अंथरुणाला खिळलेला म्हातारा माणूस, म्हणेल असं धरूनच चालले होते मी.

मामांनी मान माझ्याकडे वळवली.

"व्हय," म्हणाले. "जगली असती की."

मग थकले आणि डोळे मिटून घेतले. मी चहा न घेताच निघाले.

मामा, रागावले नाही मी. तुम्ही कुणाच्या दुखण्याबद्दल कधी खोटं बोलला नाहीत, माझ्याबद्दल तरी का बोलाल?

दुपारी त्यांना नेणार आहेत. मी निघतेय.

हरणी नाही, अप्पा नाहीत, आता तुम्हीही नाही. माफी मागायला माझ्याकडे कुणीच उरलं नाही.

मामा, शेवटचा नमस्कार करते.