दुसरं बॉनेट

बारामतीच्या एमआयडीसीत माझं फायबरचं छोटं शेड आहे. पाण्याच्या टाक्या, बसचे डॅशबोर्ड, ट्रॅक्टरची टपं, असली कामं. इंदापूरकडच्या कळंबचे एक तात्या आले आणि "गाडीची बॉडी करायची हाय" म्हणाले, तेव्हा मला वाटलं पिकअपचं टप असेल.

त्यांनी आणली जुनी जपानी गाडी. दोन सीटची, बुटकी, इंजिन मागे. वरचा पत्रा काढलेला, नुसता सांगाडा. तिच्या मागून टेम्पोत साचे आले. त्या साच्यांतून फायबरचं अंग काढून सांगाड्यावर चढवायचं, म्हणजे गाडी इटलीच्या महागड्या गाडीसारखी दिसणार. साचे तात्यांनी स्वतः केले होते. नोकरीभर ते एका फाउंड्रीत ओतकामाचे लाकडी नमुने, पॅटर्न, करायचे. निवृत्त झाल्यावर घरामागच्या खोलीत चार वर्षं फोटो बघून बघून त्यांनी लाकूड तासलं, प्लास्टर लावलं, घासलं. मी साच्यावरून हात फिरवला. कुठे खड्डा नाही, कुठे लाट नाही. असं काम मी पुण्यातही पाहिलं नव्हतं.

"पण ही रस्त्यावर चालायची न्हाय, तात्या," मी म्हणालो. "आरटीओ पास करणार न्हाय."

"रस्त्यावर कुणाला न्यायची हाय? रानात फिरवीन."

रानात फिरवायला कोणी चार वर्षं घालवतं? मला ते पटलं नाही. गाडीचे कागद मागितले तर पुसट झेरॉक्स दिली. "मूळ कागद घरी हायेत." चासी नंबरच्या भोवतीचा पत्रा तारेच्या ब्रशने घासून लख्ख केलेला. फोटो काढायला गेलो तर त्यांनी मोबाइलपुढे हात धरला. "फोटो न्हाय काढायचं." काम चालू असताना माझ्या मागे उभे राहायचे, मी वळलो की दुसरीकडे बघायचे.

गाडी चोरीची आहे, अशी माझी खात्री होत चालली. नाहीतर अस्सल म्हणून कुणाच्या तरी गळ्यात मारायची असणार. एके दिवशी ते हात धुवायला गेले तेवढ्यात मी चासी नंबर हातावर लिहून घेतला आणि आरटीओतली कामं करणाऱ्या ओळखीच्या एजंटाला दिला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. गाडी तात्यांच्याच नावावर, कागद चोख.

मला बरं वाटायला हवं होतं. उलट राग आला. सगळं सरळ असेल तर हा माणूस असा का वागतो?

त्याच आठवड्यात इंदापूरहून एक मंडपवाला टाकी न्यायला आला. लग्नाची स्टेजं सजवणारा. तात्यांच्या गाडीचं पुढचं तोंड त्याने पाहिलं आणि तिथेच उकिडवा बसला.

"असलं एक बॉनेट मला काढून द्या. स्टेजवर ठेवतो. नवरानवरी मागं उभी करायची."

"साचा माझा न्हाय."

"साच्यातनं एक निघालं काय, दोन निघालं काय. साचा झिजतोय व्हय?"

रविवारी शेड बंद होतं. मी एकटा गेलो. माल चिकटू नये म्हणून साच्याला मेण लावलं, जेलकोटचा पहिला थर मारला, काचतंतूंची मॅट अंथरून रेझिन पाजलं. संध्याकाळपर्यंत दुसरं बॉनेट सुटलं. ते मी टाक्यांच्या मागे ताडपत्रीखाली ठेवलं. पाप केलं असं तेव्हा वाटलं नाही. माझ्यापासून लपवाछपवी करणाऱ्या माणसाचं मी थोडं काही घेतलं, एवढंच वाटलं.

सोमवारी तात्या आले. मी चहा मागवला. कप हातात घेऊनच ते साच्याजवळ गेले आणि कडेवरून अंगठा ओढला.

"मेण ताजं हाय."

"साफ करून लावून ठेवलं."

त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला, शेडभर नजर फिरवली आणि टाक्यांच्या मागे दिसणाऱ्या ताडपत्रीकडे गेले. ताडपत्री उचलल्याचा आवाज मी जागेवरूनच ऐकला.

"हिकडं ये."

गेलो. त्यांनी बॉनेट उजेडाकडे वळवलं होतं. डाव्या दिव्याच्या खोबणीत, खोल कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा होता.

"ही खूण मी मुद्दाम ठेवली. जितकी निघतील तितक्यांवर येणार. कुणासाठी काढलंस?"

मी सांगितलं. मग, काय बोलावं ते न कळून, असंही म्हणालो, "तुमीबी त्या इटलीवाल्याची नक्कलच केलीय की, तात्या."

"व्हय, केली. पर मी त्येला पाव्हणा म्हणून बसवून फसवलं न्हाय. तू मला च्या पाजलास."

त्यांनी बॉनेट माझ्या पुढ्यात सरकवलं. ते म्हणाले, "ग्राइंडर आण. तूच काप."

मी ते बॉनेट त्यांच्यासमोर चार तुकड्यांत कापलं. मशीनचा आवाज, पांढरी धूळ, आणि ती अंगावर घेत उभे असलेले तात्या. पुढे दोन दिवस माझं अंग खाजत होतं.

मला वाटलं, आता गाडी उचलून नेतील. पण त्यांनी विचारलं, "दारं कवा धरतोस?"

काम पुरं झालं. मात्र रोज संध्याकाळी ते साचे पिकअपमध्ये घालून कळंबला न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. माझ्याकडे चहा पुन्हा घेतला नाही. चासी नंबरची चौकशी केल्याचं मी शेवटी आपणहून सांगितलं. ते पहिल्यांदाच हसले.

"गंज खरवडला हुता, नंबर वाचता यावा म्हणून. आन मीबी तुझी चौकशी केली हुती. कन्हेरीत, सांगवीत, तुझ्या गिऱ्हाइकांकडं. समदी म्हणली, माणूस चांगला हाय."

गाडी चालली ती मी पाहिली. उसाच्या दोन फडांमधल्या वाटेवर, लाल, जमिनीला चिकटलेली, पोट घासत. तात्यांनी मला शेजारी बसवलं. वाट संपेपर्यंत गेलो आणि मागे घेत परत आलो, कारण वळायला जागाच नव्हती. त्यांच्या तोंडावरचा आनंद बघवत नव्हता, इतका उघडा होता.

यंदा कळलं, ते दुसऱ्या गाडीचे साचे करतायत आणि फायबरचं काम पुण्यात देणार आहेत. मी फोन केला. माझं काय चुकलं ते मला माहीत होतं, तरी विचारलं.

"तुझ्यासारखा हात त्या पुण्यावाल्याचा न्हाय," तात्या म्हणाले. "पर साचं तितं ठिवून घरी आलो, की मला झोप लागती."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.