ब्रॅकमधली अंगठी

जुसारा दोन वर्षांसाठी म्हणून आयर्लंडमधल्या गॉर्टला आली, त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती. मांसाच्या कारखान्यात ती पॅकिंगला लागली तेव्हा तिची मुलगी ताइना आठ वर्षांची होती, ब्राझीलमध्ये आजीकडे. आता ताइनाचं स्वतःचं बाळंतपण जवळ आलं होतं आणि फोनवर ती एवढंच म्हणाली होती, "आई, या खेपेला तरी ये." जुसाराने गुरुवारचं तिकीट काढलं, फक्त जायचं. तो कागद चार दिवस तिच्या कोटाच्या आतल्या खिशात होता.

आता हे सांगायचं होतं ते नोरीनला. नोरीन म्हणजे घरमालकीण, आणि कारखान्यात शेजारी उभी राहणारी मैत्रीणही. बर्फावरून घसरून जुसाराचा पाय मोडला तेव्हा या बाईने तिला दीड महिना तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. वाईट माणसाच्या तावडीतून निसटता तरी येतं. चांगल्या माणसाने धरून ठेवलं की सुटायचं कसं, हे जुसाराला एकोणीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. दरवर्षी ती निघायची आणि दरवर्षी काहीतरी व्हायचं. आज हॅलोवीन, सगळे जमणार, चहा झाला की बोलून टाकायचं, असं तिने ठरवलं होतं.

पाचलाच अंधारलं. चेटकिणी नि सांगाडे झालेली गल्लीतली पोरं दारावर येऊन शेंगदाणे आणि चॉकलेटं घेऊन गेली. नोरीनने टोकदार टोपी चढवली होती. शेजारची ब्रायडी चादर पांघरून भूत झाली होती. नोरीनचा विधुर भाऊ डोनाल वडिलांचा कोट उलटा घालून आला. दरवर्षी तोच कोट.

"ओळखा, मी कोण?"

"बुजगावणं," ब्रायडी म्हणाली. "पण बुजगावण्याला निदान कावळे तरी भितात रे."

डोनाल हसला, कोट काढून दाराजवळच्या खुंटीवर जुसाराच्या कोटावर अडकवला आणि तिच्या शेजारी बसला. माणूस मवाळ. जुसाराला पिवळा रंग आवडतो असं कुणीतरी सांगितलं, म्हणून त्याने उन्हाळ्यात आपल्या घरातली माडीवरची खोली पिवळी करून घेतली होती. विचारलं मात्र अजून काही नव्हतं. आज विचारणार, हे टेबलाच्या पायांनाही ठाऊक होतं.

मग ब्रॅक आला, मनुके घातलेला गोल गोड पाव. त्यात नोरीन कागदात गुंडाळून चार वस्तू घालायची. चिंधी आली तर दारिद्र्य, काडी आली तर नवऱ्याचा मार, नाणं आलं तर पैसा आणि अंगठी आली तर वर्षाच्या आत लग्न. सगळा नशिबाचा खेळ म्हणे. पण नशिबावर सोडण्याइतकी नोरीन भोळी नव्हती. अंगठीच्या जागी ती सुरीच्या टोकाने खूण करायची, आणि तीन वर्षं तो तुकडा बिनचूक जुसाराच्या ताटलीत पडत होता.

आजही पडला. दुसऱ्याच घासाला दाताखाली कागद आला. ही अंगठी बाहेर निघाली की टाळ्या पडणार, डोनाल तोंड उघडणार आणि आपलं सांगायचं राहूनच जाणार. जुसाराने ती जिभेने गालात सरकवली आणि वरून चहाचा घोट घेतला.

ब्रायडीला चिंधी आली. "चौथ्यांदा. दारिद्र्याला माझा पत्ता पाठ आहे." डोनालला नाणं आलं. काडी उरलेल्या तुकड्यात सापडली. अंगठी नाहीच.

नोरीनने उरलेला पाव कुस्करला. मग टोपी काढून ठेवली आणि चुरा परत एकदा चिवडला.

"घातली होती मी," ती म्हणाली. "घातली होती ना?"

वसंत ऋतूपासून नोरीन शेगडी बंद आहे का ते तीन-तीनदा बघत होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

"आईचंही असंच सुरू झालं होतं," नोरीन हळूच म्हणाली. शेवटी तिच्या आईला पोटची लेकही ओळखू येत नव्हती.

जुसाराने अंगठी गालातच ठेवली. गुरुवारपर्यंत गप्प राहिलं की झालं. नोरीन एकेक कण बोटांत चुरून बघत होती. ते बघवेना. जुसाराने तोंडातून कागद काढून टेबलावर ठेवला.

"माझ्याकडे आहे. गंमत करत होते."

"गालात नवरा लपवून बसलीस होय गं," ब्रायडी म्हणाली, आणि सगळे पोट धरून हसले. डोनाल कानापर्यंत लाल झाला. नोरीनने जुसाराच्या दंडावर एक चापट मारली, मग तिच्या बोटात अंगठी चढवली आणि तो हात सोडलाच नाही.

"जीव गेला होता माझा," ती तिच्या कानाशी येऊन म्हणाली. "खरंच विसरायला लागले ना, तर तू मला सांगायचंस. बाकी कुणाला कळू द्यायचं नाही. आहेस ना तू?"

जुसाराने खुंटीकडे पाहिलं. डोनालच्या कोटाखाली तिचा कोट दिसतही नव्हता.

"आहे ना," ती म्हणाली. "मी कुठे जाणार आहे?"