काकूंच्या ओंजळीतले पक्षी

वसंतकाकांनी केलेला नवीन पक्षी बघायचा तर आधी डोळे मिटावे लागत. हिंदी मुलखातल्या अधारतालला त्यांच्या शेजारी राहायला गेले तेव्हा ओळख करून घ्यायला मी त्यांच्याकडे डोकावले, तर नाव-गाव राहिलं बाजूला. "डोळे मिटा अन् सांगा कोण आहे," म्हणत त्यांनी माझ्या हातात काहीतरी लाकडी ठेवलं. मी चाचपून कबूतर म्हणाले. "पोपट आहे. चोच तर पाहायची," ते म्हणाले, आणि पलंगावर बसलेल्या काकू माझ्या अडाणीपणावर खळखळून हसल्या.

काकूंची नजर साखरेच्या आजारानं गेली होती. दिसत होतं तेव्हा मागच्या दारात बसून, येणाऱ्या-जाणाऱ्या पाखरांची नावं घेत त्या सकाळचा चहा प्यायच्या. काका फॅक्टरीच्या सुतारखात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी खोकी ठोकण्यात गेली. बायकोची पाखरं तिला परत मिळावीत म्हणून साठीनंतर ते कोरकाम शिकले. उभं झाड कधी तोडलं नाही. कुठं जुनं घर पाडत असले की हे हजर. "भैया, ये चौखट फेंकना मत," असं बजावून सागवानाचा तुकडा स्कूटरवर आडवा बांधून आणायचे. कुंडमच्या जंगलाकडे गेले की पडलेल्या काटक्या, सालीचे पापुद्रे आणि बिया पिशवीभर यायच्या. सालीचे पंख, काटक्यांचे पाय, गुंजांचे डोळे. काकूंना दिसत नाही तर डोळे कशाला लावता, असं मी एकदा विचारलं. "त्या पाखराला तर दिसू द्या," ते म्हणाले.

पक्षी तयार झाला की तो आधी काकूंच्या ओंजळीत जायचा. त्या बोटं फिरवायच्या, शेपटीशी जरा थांबायच्या आणि दयाळ की खंड्या ते बिनचूक सांगायच्या. त्यांनी ओळखला तर पास, नाही तर रिजेक्ट. फॅक्टरीतली ही तपासणी काकांनी घरी आणली होती, आणि रिजेक्ट झालेला पक्षी ते निमूटपणे पुन्हा तासायला घ्यायचे.

मग काकू चुकायला लागल्या. बुलबुलाला चिमणी म्हणाल्या. "माझंच चुकलं, चोच जाड राहिली," म्हणून काकांनी चोच तासली. तरी चिमणीच. मग डोकं तासलं, पोट तासलं. आठ-दहा दिवसांत तो बुलबुल माझ्या अंगठ्याएवढा उरला. इकडे काकू जेवण झाल्याचं विसरत होत्या, मला रोज नव्यानं "तुम्ही कुठल्या?" असं विचारत होत्या, आणि हा माणूस लाकूड तासत बसला होता. माझा संताप झाला. "काका, पक्ष्यात खोट नाही. काकूंना डॉक्टरकडे न्या," मी सुनावलं.

"काहून असं बोलून राहिल्या बाई? तिला पाखरांतलं तुमच्यापेक्षा जास्त समजते. माझाच हात बिघडला आहे." पुढे आठवडाभर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

शेवटी गेले डॉक्टरकडे. परतले त्या संध्याकाळी मी विचारपूस करायला गेले. डॉक्टर काय म्हणाले ते काकांनी सांगितलं नाही. नुकताच पुरा झालेला खंड्या त्यांनी काकूंच्या हातात दिला. लांब चोच, आखूड शेपटी; मलासुद्धा चाचपून ओळखता आला असता. काकूंनी तो खूप वेळ चाचपला. "मोर," त्या म्हणाल्या, आणि काकांच्या दिशेनं मान वळवून थांबल्या. तोंडी परीक्षेला उभ्या असलेल्या मुलीसारखी भीती त्यांच्या चेहऱ्यावर होती. मला ते बघवेना.

काकांनी पटाशी उचलली नाही. "बरोबर. मोरच आहे, मालती," ते म्हणाले. "पास." काकू केवढ्या सुखानं हसल्या. मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत जाऊन रडून घेतलं.

त्या दिवसापासून काकू म्हणतील ते त्या पक्ष्याचं नाव झालं. काका ते सुतारी पेन्सिलीनं पक्ष्याखालच्या लाकडी बैठकीवर लिहून ठेवायचे.

हिवाळ्यात काकू वारल्या. तेरावं झाल्यावर नागपूरहून आलेला पुतण्या फळीवरचे पक्षी बघत होता. "काका, हा तर खंड्या आहे. खाली मोर काहून लिहिलं? पुसून नीट लिहू काय?"

काकांनी पक्षी त्याच्या हातातून काढून घेतला. "राहू दे," ते म्हणाले. "तिनं मोर म्हणून हातात धरला होता."