चार नंबरचा टॅपेट

गेल्या शनिवारी जळगावहून माहेरी, धुळ्याला गेले होते. दोन दिवस लोळायचं, आईच्या हातचं खायचं, एवढाच बेत. पण घरात शिरताच कळलं, की दिनेशचं, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं, काहीतरी बिनसलंय... तो जेवायलाही आला नव्हता.

हायवेला लागून आमचं डिझेल गॅरेज आहे. पस्तीस वर्षं ते नानांनी, म्हणजे वडिलांनी चालवलं, आता दिनेश बघतो. दोन वर्षांपूर्वी नानांचं ऐकणं जवळजवळ गेलं आणि त्या दिवसापासून ते गॅरेजकडे फिरकलेले नाहीत. ज्याला इंजिन ऐकू येत नाही त्याने तिथं बसून काय करायचं, असं एकदाच म्हणाले होते... पुन्हा तो विषय नाही.

आईने सांगितलं ते असं. शिरपूरच्या विलासभाऊंच्या ट्रकचं इंजिन दिनेशने पूर्ण उतरवून नव्याने बांधलं. थंड असताना झकास चालायचं, पण तापलं की टक-टक आवाज आणि चढाला ओढच नाही. दिनेशने तीनदा टॅपेट सेट केले, म्हणजे व्हॉल्व्हच्या, झडपांच्या वरची फट मापात आणली... दोन दिवस बरे जायचे, की पुन्हा तेच.

विलासभाऊंचा हा एकुलता एक ट्रक. आवाज न चढवता ते म्हणाले होते, सोमवारपर्यंत बघ, नाहीतर मी दुसरीकडे नेतो. नानांच्या काळापासूनचं गिऱ्हाईक ते. दिनेशला तेच लागलं होतं.

मी नानांच्या कानाशी जाऊन सगळं मोठ्याने सांगितलं. ते उठले, शर्ट घातला आणि म्हणाले, "चाल."

गॅरेजमध्ये इंजिन चालूच होतं, चांगलं तापलेलं. नानांनी वरच्या कव्हरवर तळहात ठेवला, डोळे मिटले... पण अख्खं इंजिनच थरथरतंय, त्यातून एक ठोका हाताला कसा कळणार? त्यांनी हात काढून घेतला. त्यांचा चेहरा बघून वाटलं, उगाच आणलं यांना.

लहानपणी रविवारी मी नानांसोबत गॅरेजला जायचे. ते टॅपेट सेट करायचे आणि मी लोखंडी दांडा लावून, ते थांब म्हणेपर्यंत, इंजिन हाताने फिरवायचे. मग इंजिन सुरू करून ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचे आणि मूठ कानाला लावायचे. डॉक्टरसारखे... त्यानंतर ती मूठ माझ्या कानाला. कुठला आवाज बरा, कुठला वाईट, मी तिथं शिकले.

तोच लांब स्क्रू ड्रायव्हर भिंतीवर होता. मी काढला आणि एकेका सिलेंडरवर टेकवत गेले. चार नंबरवर ठोका थेट कानात बसला. मी नानांना चार बोटं दाखवली.

त्यांनी तळहात पुढे केला. "कसा वाजस? माले दखाड."

ऐकू येत होतं तसंच मी त्यांच्या तळहातावर बोटाने वाजवलं. टक... टक... टक. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की थंड असताना वाजतो का. मी नकारार्थी मान हलवली.

नानांनी इंजिन बंद करायला लावलं. थोडं निवल्यावर दिनेशने कव्हर उघडून चार नंबरचे पुश रॉड काढले. हातभर लांब सळया या, खालची हालचाल वर व्हॉल्व्हपर्यंत पोचवतात. नानांनी त्या टेबलाच्या काचेवर घरंगळत सोडल्या. एक सरळ गेली, दुसरी लंगडत गेली... अगदी किंचित वाकलेली.

दिनेशचा जीव भांड्यात पडला. नवा रॉड टाकला की झालं, म्हणत तो निघालाही. नानांनी त्याचं मनगट धरलं. "रॉड वाकना, हाई खरं. पन का बरं वाकना?"

मग हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनचा वरचा भाग, उतरवलं. प्रत्येक व्हॉल्व्ह तेल लावून त्याच्या गाइडमध्ये, म्हणजे तो ज्या नळीत सरकतो तिथं, वर ओढायचा आणि सोडून द्यायचा. बहुतेक आपल्याच वजनाने खाली गेले. चार नंबरचा अर्ध्यात अडकला. नवे गाइड बसवले होते, पण आतून मापात घासायचं राहिलं होतं. व्हॉल्व्ह तापून फुगला की तिथं आवळायचा आणि जोर सगळा रॉडवर यायचा.

आणखी दोन गाइड आवळ निघाले. दिनेश खाली बघत उभा. घाईत राहिलं, एवढंच पुटपुटला.

मला वाटलं आता नाना फाडून खाणार... आमच्या लहानपणी अशा चुकीवर हातातले लोखंडी पाने उडायचे. पण ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मी बी हाईच चूक करेल शे."

दिनेशच्या जन्माच्याही आधीची गोष्ट. त्यांनी बांधलेलं एक इंजिन बिजासन घाटात बंद पडलं होतं. हत्यारांची पिशवी घेऊन ते एसटीने गेले, दोन दिवस रस्त्याच्या कडेला हेड उघडून बसले. हे त्यांनी आईलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

रविवारी दुपारी इंजिन पुन्हा बांधून झालं. विलासभाऊ ट्रक सोनगीरपर्यंत नेऊन आले, तापलेल्या इंजिनवर मी आठ-दहा मिनिटं कान लावून बसले... काही नाही. विलासभाऊंनी नानांना हात जोडले आणि माल भरायला निघून गेले.

काल पहाटे निघून जळगावला परतल्यावर दिनेशचा फोन आला. सकाळी नाना त्याच्याआधीच गॅरेजला हजर होते. त्याला म्हणाले, "आवाज तू आयक, कारन मी धुंडस." म्हणजे ऐकायचं दिनेशने आणि बिघाडाचं कारण शोधायचं नानांनी.

माझ्या बोटांना अजून डिझेलचा वास येतोय. कितीतरी वर्षांनी... साबण लावावासा वाटत नाही.