आत्तीने राखून ठेवलेला अंतरा

जोयडा तालुक्यात अर्धंच गाणं येणारी जितकी माणसं सापडतील, तितकी साऱ्या मुलखात सापडायची नाहीत, आणि त्याला सर्वस्वी जबाबदार आमची आत्ती. वडिलांची ही धाकटी बहीण धारवाडला गाणं शिकली, बैठका गाजवून आली आणि बाजारकुणंगला घराच्या पडवीत शिकवायला बसली. चिजेची स्थायी, म्हणजे पहिला अर्धा भाग, ती हसतहसत द्यायची. वरच्या सुरांत चढणारा अंतरा मात्र शिष्य पिकल्याशिवाय नाही. "कच्चा फणस कापला तर नुसता चीकच हाताला लागतोय," म्हणायची. बहुतेक शिष्य पिकण्याआधीच गोव्याला नोकरीला लागायचे. त्यातल्या एकाने उळवीच्या जत्रेत तीच स्थायी घोळवत अख्खी सकाळ काढली. लोकांना वाटलं, भक्तीत रंगलाय. जीपमध्ये बसली की आत्ती ड्रायव्हरला सांगायची, "हॉर्न जरा चढवून घे बाबा, बेसूर वाजतोय." तो बिचारा मान डोलवायचा.

तिच्या गुरूंनी शेवटी दिलेली एक चीज होती. त्या चिजेचा अंतरा आत्तीने एकीसाठीच राखून ठेवला होता: रामनगरच्या दुकानदाराची सुमन. ती पिकलीही, पण तेवढ्यात लग्न होऊन फोंड्याला गेली. दर चतुर्थीला आत्ती तंबोरा लावून तिची वाट बघायची. "येईल, तवा दिऊ," म्हणायची. आत्तीच्या स्वतःच्या गळ्यातून वरचा षड्ज, अंतऱ्याला लागणारा वरचा सा, केव्हा गेला, ते तिने आम्हाला कळूच दिलं नाही.

यंदा सुमन आली. पाया पडून म्हणाली, "बाई, आज अंतरा देतासा न्हवं?" आत्तीने स्थायी गायली, अंतऱ्यासाठी तोंड उघडलं आणि नुसता श्वास बाहेर आला. मला बघवेना. आत्तीने मग हात उचलला आणि सुरांची वाट हवेत काढून दाखवली. त्या हाताकडे बघत सुमन गायली. फार सुंदर गायली.

"तसं न्हाई," आत्ती पुटपुटली. पुन्हा हात उचलला. सुमन पुन्हा तसंच गायली. आत्तीने हात मांडीवर ठेवला. "असू दे. आता हाच अंतरा. तुझ्या पोरींना दे, पिकायची वाट बघू नकोस."

सुमनला बसवर सोडून आलो तेव्हा आत्ती अजून पडवीतच होती. मी विचारलं, "आत्ती, खरा कसा होता गं?"

"होता बाबा," ती म्हणाली. "लई गोड होता."