नाचणेसाहेबांचा कौल

नाचणेसाहेबांच्या खिशात नेहमी दोन रुमाल असत. एक पांढराशुभ्र, इस्त्रीचा आणि दुसरा मळकट. मळकट तोंड पुसायला, पांढरा बुलेटची टाकी पुसायला. कोलशेतच्या रंगाच्या कारखान्यात मी नोकरीला लागलो त्या पहिल्याच दिवशी गेटपाशी हे पाहून मला हसू फुटलं. साहेब शांतपणे म्हणाले, "हसतोस काय? माणूस पाणी मारलं की स्वच्छ होतो. क्रोमचं तसं नसतं."

ते आमच्या खात्याचे सुपरवायझर. राहायला नौपाड्यात, आमच्याच गल्लीत. त्यामुळे पुढची चार वर्षं मी रोज त्यांच्या मागे बसून कामावर गेलो. त्यांनी कधी उपकार केल्यासारखं दाखवलं नाही. एकदा भरदुपारी माझ्या वडिलांच्या छातीत कळ आल्याचा फोन आला, तेव्हा साहेबांनी हातातलं काम टाकलं, डॉक्टरांना जेवणाच्या ताटावरून उठवून मागे बसवलं आणि घरी आणलं. वडील त्यानंतर अकरा वर्षं जगले. साहेब गेले तेव्हा मी खांदा दिला आणि खरोखर रडलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगायचं आहे त्याची मला आजही शिसारी येते.

त्यांची बुलेट साडेतीनशे सीसीची होती. वरातीतल्या घोड्यासारखी डुलत चालायची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पाचशे सीसीची रस्त्यावर दिसू लागली आणि साहेबांची झोप उडाली. कल्याणला गाड्यांचा एक व्यापारी होता. त्याच्याकडे वर्षभर वापरलेली एक पाचशे होती आणि जुनी घेऊन ती द्यायला तो तयार होता. साहेबांनी फक्त हो म्हणायचं होतं. तेवढं म्हणायला त्यांना चार महिने पुरले नाहीत.

रोज डब्याच्या वेळी तोच विषय. "ही इमानदार आहे रे. पण त्या पाचशेत ताकद आहे." मग उलट. "ताकद आहे, पण ताकदीला इमान असतं का?" वॉचमनला विचारून झालं, माझ्या वडिलांना तपासायला आलेल्या डॉक्टरांनाही विचारून झालं. घरी बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला मागे बसून टिटवाळ्याच्या गणपतीला जायचंय, चंद्रावर नाही."

शेवटी साहेबांचं एक ठरलेलं वाक्य यायचं. "आमच्या कोकणात देवाला कौल लावतात. कौल मिळाल्याशिवाय नाचण्यांनी कधी विहीर खणली नाही, की मुलगी दिली नाही. मलाही वरून काहीतरी कळेल."

व्यापारी कंटाळला असावा. एका रविवारी त्यानं गाडी दिवसभर चालवून बघायला दिली. साहेब सकाळीच माझ्या दारात. मळकट रुमाल नव्हताच त्या दिवशी, दोन्ही पांढरे. आम्ही घोडबंदर रोडनं गायमुखापर्यंत गेलो. तेव्हा त्या रस्त्यावर एखादा ट्रक सोडला तर दोन्ही बाजूंना नुसती झाडं. साहेब आयुष्यात प्रथमच माझ्यासमोर गाणं गुणगुणत होते. परतताना ते कोलशेतच्या आतल्या रस्त्याला वळले. कारखान्यांना सुट्टी, रस्ता रिकामा.

"बघ, अजून अर्धी मूठसुद्धा पिळलेली नाही!" ते ओरडले आणि पिळली.

वळणापलीकडे कडेकडेनं एक कोळीण चालली होती, डोक्यावर पाटी घेऊन. ती बरोबर कडेनंच चालली होती. हँडल तिच्या कोपराला लागलं. पाटी उडाली, बाई पडली, आणि बोंबील, कोळंबी सगळं रस्त्यावर पसरलं. गाडी डगमगत पुढे जाऊन थांबली.

मी धावत मागे गेलो. पन्नाशीची बाई. उजवा हात भलत्याच दिशेला वळला होता. मी तिला उठवून बसवलं. ती रडत नव्हती, नुसती "हात, माजा हात" म्हणत होती. मी साहेबांना हाक मारायला वळलो. ते गाडीपाशी उकिडवे बसले होते. पांढऱ्या रुमालानं टाकीवरची कोळंबी पुसत होते.

"इंडिकेटर गेला," ते म्हणाले.

"साहेब, हिला दवाखान्यात न्यायला हवं."

ते उठले. बाईकडे त्यांनी बघितलं, पण रस्त्यावरच्या खड्ड्याकडे बघावं तसं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "गाडी माझ्या नावावर नाही. पोलीस आले तर त्या व्यापाऱ्याचं आणि माझं दोघांचं लचांड होईल. तिची माणसं येतीलच आता. बस मागे."

लांबून दोन माणसं येताना दिसत होती. ती बाई माझ्याकडे बघत होती. आणि मी बसलो.

साहेबांची किळस आली म्हणतो, तेव्हा ही दोन शब्दांची कबुली आधी द्यायला हवी. मी बसलो.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये साहेब फार मोकळे, हलके दिसले. चार महिन्यांचं ओझं उतरलं होतं. "गाडी परत केली," त्यांनी जाहीर केलं. "पहिल्याच फेरीत कोळीण आडवी आली. आता याहून स्पष्ट कौल काय पाहिजे? देवच म्हणाला, नाचण्या, आहे ती बरी आहे." सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "साहेब, मासळी तरी उचलून आणायची!" त्यावर आणखी हसले. साहेबही. माझ्या तोंडात भाकरीचा घास होता. उठून बाहेर जाऊन थुंकलो.

तीन-चार दिवसांनी धीर करून मी कोळीवाड्यात गेलो. विचारत विचारत घर सापडलं. तिचं नाव हिराबाई. हात हाडवैद्याकडून बांधून आणला होता. ओट्यावर बसून ती डाव्या हातानं सुकी मासळी निवडत होती. मला तिनं लगेच ओळखलं. सुनेला चहा टाकायला सांगितला. मी माफीचे शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तिनंच विचारलं,

"पोरा, तू मना उचललास ना?"

"हो."

"मंग त्याचे मांगं बसलास कशाला?"

रागानं नाही, खरंच समजून घ्यायला विचारलं. चहा निवून गेला. महिन्याभरानं मी तिच्या मुलाबरोबर तिला ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं, पण हाड वाकडं जुळलं होतं आणि पुन्हा मोडून बसवायला ती तयार झाली नाही. पाटी डोक्यावर चढवायला तिला आता दुसऱ्या कुणाची तरी गरज लागायची.

कँटीनमधल्या त्या दिवसापासून मी बसनं कामावर जायला लागलो. आठवडाभरानं साहेबांनी गाठलं. "काय रे, पाचशे घेतली नाही म्हणून रुसलास?" त्यांना खरंच तसं वाटलं होतं. मी म्हटलं, बस बरी पडते. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. त्या हाताचा स्पर्श मला नको झाला, आणि त्याच हातानं त्यांनी डॉक्टरांना आमच्या घरात आणलं होतं हेही विसरता येईना.

पाच वर्षांनी साहेब निवृत्त झाले. निरोपाला सगळं खातं जमलं, वहिनीही होत्या. आभाराच्या भाषणात साहेबांनी कौलाची गोष्ट सांगितली. ती आता चांगलीच घोटून झाली होती. "आणि नेमकी कोळीण आडवी आली!" म्हणताच हशा पिकला. वहिनीही हसल्या.

मी उभा राहिलो. ठरवून नाही. "साहेब, ती आडवी आली नव्हती. कडेनं चालली होती. हिराबाई नाव तिचं. तिचा हात वाकडाच राहिला."

हसणं थांबलं. वहिनी साहेबांकडे बघू लागल्या. साहेबांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, शरम नव्हती. कपाळाला आठ्या घालून ते आठवू पाहत होते. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो. ढोंग त्यांना कधीच जमलं नाही.

"कोण हिराबाई?" त्यांनी विचारलं.